रानपिंगळ्याचा पुरावा

रानपिंगळा नामशेष झालाय, असं सगळे पक्षीतज्ज्ञ म्हणत. "दिसला म्हणता, मग फोटो दाखवा," या त्यांच्या टोमण्याने नाशिकचे पगारे मास्तर इरेला पेटले होते. अखेर आज पेठच्या जंगलात, सागाच्या फांदीवर तो दिसला आणि त्यांच्या लांबलचक लेन्सने त्याला मनासारखं टिपलं. पण एसटीच्या थांब्यावर गावकऱ्यांनी त्यांना घेरलं. एकाहत्तरच्या युद्धाचे दिवस. तोफेसारखी ती लेन्स बघून सगळ्यांना वाटलं, हा शत्रूचा हेरच. "अहो, मी पक्ष्याचा फोटो काढलाय!" मास्तर ओरडले. "मंग दाखवा की," म्हणत पाटलांनी कॅमेरा हिसकावला. "उघडू नका, उजेडाने फोटो जाईल!" तोवर झाकण उघडलं होतं. पाटलांनी अख्खा रोल ओढून उन्हात धरला, उलटसुलट न्याहाळला. "सोडा रं पाव्हण्याला," पाटील हसत म्हणाले, "यांनी कसलाच फोटो काढलेला नाय."