चारची रेघ

शर्वरीने प्रयोगशाळेतल्या संगणकाचा पडदा काकूंकडे वळवला. "हे बघा काकू, रोज चारला रेघ वर जाते. डिशमध्ये आम्ही साखरेचा थेंबही घालत नाही, तरी काकांच्या पेशी इन्शुलिन सोडतात. काका चारला काय खायचे?"

"काही नाही. बिनसाखरेचा चहा, तोही साडेतीनला," कुमुदकाकू ठामपणे म्हणाल्या.

वारलेल्या नवऱ्याच्या स्वादुपिंडाच्या पेशी त्यांनीच मधुमेहाच्या संशोधनाला दिल्या होत्या. पेशींना खाण्याच्या वेळा आठवतात, हे आता शाळेतही शिकवत. म्हणून प्रयोगशाळा प्रत्येक दात्याच्या घरच्यांकडून जेवणाचा तक्ता भरून घेई.

"मग चारला ते काय करायचे?"

"पाय मोकळे करायला जायचे. नाक्यापर्यंत."

नाक्यावर जिलबीवाला बसायचा. काकूंनी पुन्हा त्या रेघेकडे पाहिलं.

अकरा वर्षं त्यांनी घरात साखरेचा डबा ठेवला नव्हता. नवऱ्याला एकट्याला पथ्य नको, म्हणून स्वतःही गोड सोडलं होतं.

"लबाड!" त्या पुटपुटल्या. "जिलबी खायला जायचे! मला एकदा तरी 'येतेस का' विचारायचं."

शर्वरीने तक्त्यात चारच्या पुढे 'जिलबी' लिहिलं.

दुसऱ्या दिवशी पावणेचारला काकू पुडी घेऊन आल्या. आत खायला मनाई होती, म्हणून शर्वरीने काचेबाहेर खुर्ची मांडून दिली आणि पडदा तिकडे फिरवला.

चार वाजले. रेघ चढू लागली आणि पुडीचा दोरा काही सुटेना.

"थांबा हो जरा," काकू काचेकडे बघत म्हणाल्या, "आज बरोबर खाऊ."