म्हाताऱ्यासाठी समुपदेशक

“दारू पितो का?” काचेआडच्या बाईनं मान वर न करता विचारलं.

“नाही,” ग्रेग म्हणाला.

“नशेच्या गोळ्या? सुया?”

“अहो, बहात्तर वर्षांचे वडील आहेत माझे! हे काय मागे उभे आहेत.”

“मग इथं सोय नाही. आम्ही फक्त व्यसनाचे पेशंट घेतो.”

म्हातारा काचेपाशी वाकला. “म्हणजे बाई, आधी पिण्याची सवय लावून घ्यायची आणि मग यायचं?”

बाई हसली नाही. म्हातारा मात्र स्वतःच्याच विनोदावर खो खो हसला. त्याचे पिवळे दात, टोपीखालून आलेला घामाचा दर्प, बाकावर पेंगणारी नशेबाजांची तोंडं, सगळ्याचीच ग्रेगला शिसारी आली. त्यानं वडिलांचा दंड धरला आणि त्यांना बाहेर काढलं.

पोलादाचा कारखाना बंद पडल्यापासून नदीकाठच्या त्या गावात धड काही उरलं नव्हतं. बायको डेनिस मुलीला घेऊन माहेरी निघून गेली, तेव्हा ग्रेग वडिलांच्या घरी परत आला. म्हाताऱ्याला एकटं ठेवणं बरं नाही, असं तो विचारणाऱ्याला सांगे. आणि ते खोटंही नव्हतं. त्याच्या बापाचं, अँड्र्यू हुदाकचं, डोकं ठिकाणावर नाही, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

न्हाणीघराच्या दाराची कडी म्हाताऱ्यानं स्क्रू काढून फेकून दिली होती. स्वयंपाकघरातल्या सुऱ्या गायब झाल्या त्या म्हाताऱ्याच्या ट्रकमधल्या हत्यारांच्या पेटीत सापडल्या. ग्रेगला सॉसेज चमच्यानं तोडून खावं लागे. हरणांच्या शिकारीचा हंगाम तोंडावर आलेला असताना म्हाताऱ्यानं दोन्ही बंदुका चुलतभावाला देऊन टाकल्या. का, तर म्हणे आता मुकं जनावर मारवत नाही! चाळीस वर्षं हरणाच्या मटणावर पोसलेला माणूस हा. आणि दुपारी ग्रेग डोळे उघडायचा, तेव्हा हा खोलीच्या उंबऱ्यापाशी खुर्ची टाकून बसलेला.

“काय पाहतोस?” ग्रेग खेकसायचा.

“काही नाही. सूप गरम करू?”

एक दिवस त्या सुपावर मान खाली घालून म्हातारा म्हणाला होता, “मला झोप नाही रे, ग्रेग. कुणाशी तरी बोलायला हवं. परवडेल असं कुणी शोध ना. पण मी एकटा जाणार नाही हं, तू सोबत हवास.”

जिल्ह्याच्या मदत केंद्रात नंबर लागणार होता वसंतात. तोवर काय करायचं, असं ग्रेगनं विचारलं, तर तिथला पोरगेला कारकून म्हणाला, “मोकळ्या हवेत फिरवा त्यांना.” मग दोघं चर्चच्या तळघरातल्या फुकटच्या आधारगटात गेले, तर गोल मांडलेल्या खुर्च्यांवर दहाबारा माणसं एकमेकांचे हात धरून बसली होती. शेजारच्या लठ्ठ माणसाचा तळवा ओलाचिंब होता. तो रडत होता आणि रडतारडता डोनट खात होता. त्याच्या मिशीत साखर अडकली होती. ग्रेग उठला, गल्लीत गेला आणि भिंतीला टेकून भडाभडा ओकला.

म्हातारा मागोमाग आलाच. पाठीवरून हात फिरवू लागला.

“हात काढ!” ग्रेग ओरडला. “तुझ्यापायी मला ही घाण बघावी लागतेय. कळतं का तुला?”

“कळतं रे,” म्हातारा म्हणाला. “अजून एक ठिकाण राहिलंय.”

ते ठिकाण म्हणजे जुन्या बेकरीच्या माडीवरची एक संस्था. जशी ज्याची मिळकत तशी फी, असं दारावरच लिहिलेलं. जिन्यात मांजराच्या मुताचा वास मारत होता. या वेळी म्हातारा ग्रेगला मागे सारून स्वतःच खिडकीपाशी गेला. टोपी काढून छातीशी धरली आणि आतल्या बाईशी कितीतरी वेळ हलक्या आवाजात बोलत राहिला. मध्येच त्याचे खांदे हलले. भीक मागतोय, ग्रेगच्या मनात आलं. हुदाकांच्या घराण्यात जन्मून भीक मागतोय. त्यानं तोंड फिरवलं.

थोड्या वेळानं आतलं दार उघडलं. मिसेस ओडेल नावाची समुपदेशक, करड्या केसांची, ठेंगणी बाई, बाहेर आली. “या आत.”

“ऊठ, बाबा. झालं तुझ्या मनासारखं,” ग्रेग बाकावर येऊन बसलेल्या म्हाताऱ्याला म्हणाला.

दोघं आत गेले. खोलीत एक सोफा होता आणि समोर खुर्ची. ग्रेग सोफ्याच्या कडेला टेकला. वडिलांसाठी जागा ठेवून. म्हातारा दारातच घुटमळला. त्यानं एकदा ग्रेगकडे पाहिलं, एकदा बाईकडे.

“मी बाहेर आहे,” तो म्हणाला. “कितीही वेळ लागू दे.”

“बाहेर? बाबा, अरे, तू कुठं निघालास?”

दार लागलं.

ग्रेग कडवट हसला. “बघा. हे असं आहे त्यांचं. पेशंट पळाला तुमचा.”

मिसेस ओडेल हसली नाही. तिनं खुर्ची थोडी पुढे ओढली.

“ग्रेगरी,” ती म्हणाली, “जीव द्यावासा वाटतो का तुम्हाला?”

दाराच्या काचेपलीकडे म्हाताऱ्याची आकृती दिसत होती. ग्रेगनं तिकडे पाहिलं.

“रोज,” तो म्हणाला.