इर्माचा ठहराव

"हा ठहराव बघा!" फणसळकरकाका खुर्चीतून अर्धे उठले.

टीव्हीवर त्यांची लाडकी स्केटर इर्मा बर्फावर एक हात उंचावून निश्चल उभी होती. वय छत्तीस, मोसमातली शेवटची स्पर्धा. आम्ही चौघे स्केटिंगवेडे श्वास रोखून बघत होतो. एक सेकंद, दोन, तब्बल वीस!

"विशीतल्या पोरी नुसत्या उड्या मारतात," काका म्हणाले. "थांबायचं कसं, ते वयच शिकवतं." आम्ही माना डोलावल्या. काकांच्या घरात, काकांच्या टीव्हीसमोर दुसरं करणार काय?

चित्र एकदम पुढे सरकलं. इर्मा वाकून प्रेक्षकांना अभिवादन करत होती. गुण आले: शेवटून दुसरी.

"परीक्षक आंधळे आहेत!" काका गरजले.

त्यांची सून मुक्ता मोबाईल घेऊन, डोळे पुसत आतून आली. "बाबा, तुमचं वायफाय अडकलं होतं का? मला मोबाईल डेटावर सगळं दिसलं. दोनदा पडली हो ती."

काकांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला.

"पडली असेल," ते म्हणाले, "पण आपल्याला कळू दिलं का? याला म्हणतात कला!"