तळमजल्यावरची खोली

या, जरा पुढे सरकून बसा. कीर्तनाला उभं राहायला बुवांना अजून अवकाश आहे. तोवर बदलापुरातल्या एका खोलीची गोष्ट सांगते. लांबवणार नाही.

"खोली कालच गेली," असं मालकिणीकडून ऐकून प्रीती सोनकांबळे फाटकाबाहेर आली होती. तळमजला, दाराशी नळ. उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये, तिसऱ्या मजल्यावर तिची आई द्रौपदाबाई गुडघे धरून बसलेली. दिवाळीपासून खाली उतरली नव्हती.

प्रीतीच्या फोनवर, व्हिडिओ कॉलवर, मावसबहीण भावना दिसत होती. ती बेल्जियमला एका सरकारी कार्यालयात आहे. नाव, रंग, धर्म बघून कुणाला घर नाकारलं, तर तिथे तक्रार घेतात.

"आता कीर्तीला पाठव," भावना म्हणाली. "आम्ही दोघांना पाठवून असंच तपासतो. काम एक, पगार एक. फक्त नाव वेगळं."

कीर्ती राणे आणि प्रीती अंबरनाथच्या एकाच कारखान्यात पॅकिंगला; आज खोली बघायला सोबतच आल्या होत्या. कीर्ती आपल्या फोनचं रेकॉर्डिंग चालू करून आत गेली. मालकीण सुंदराबाईंचा आवाज फाटकापर्यंत येत होता.

"पूर्ण नाव सांग बाळा. राणे? ये, ये. देव्हारा या कोपऱ्यात लाव."

"खोली रिकामी आहे ना, काकू?"

"महिना झाला पडून आहे. चहा टाकू?"

मघाशी सुंदराबाईंनी प्रीतीलाही तोच कोपरा दाखवला होता. "इथे बुद्धाची मूर्ती ठेवीन," ती म्हणून गेली होती.

कीर्ती बाहेर आली. रेकॉर्डिंग ऐकून भावना उसळलीच. "पक्का पुरावा! आमच्याकडे मालकाला बोलावून घेतलं असतं. नाहीच ऐकलं तर सरळ कोर्ट."

"आणि इथे?"

"इथे..." भावना अडखळली. "वकील बघावा लागेल गं."

"तोवर आईला कुठे ठेवू?"

पलीकडे कुणीतरी भावनाला हाक मारली. "मीटिंग आहे, रात्री बोलते," म्हणत तिने फोन ठेवला.

दोघी रिक्षा स्टँडपर्यंत चालत आल्या. मग कीर्ती थांबली.

"एक बोलू? शिव्या दे हवं तर. माझ्या सासूला पण जिना झेपत नाही, तुला माहितीय. ती रूम मीच घेऊ का?"

प्रीतीने तिच्याकडे पाहिलं. राग येईल म्हणून थोडी थांबली. आला नाही.

"घे," ती म्हणाली. "रविवारी येते सामान हलवायला."

घरी आईने पाणीसुद्धा पिऊ दिलं नाही. "मिळाली रूम?"

"मिळाली. कीर्तीला."

द्रौपदाबाई गुडघा चोळत राहिल्या. म्हणाल्या, "बरं झालं. तिची सासू लई कण्हती बिचारी."

ते बघा, बुवा उठले. मायबाप, आता एवढंच करा. नामाचा गजर होईल तेव्हा देवाच्या कानावर एक नाव घाला. द्रौपदाबाई सोनकांबळे. आडनाव गाळू नका.