ड्रायव्हरची टोपी

शिष्यवृत्ती मिळवून देणाऱ्या बाई कुणाची समजूत काढत नसत. हिशेब मांडून गप्प बसत. आज समोर बाप-लेक होते. बाप शहरातल्या नामांकित कॉलेजच्या बसचा ड्रायव्हर. डोक्यावर कॉलेजची टोपी. बाई म्हणाल्या, “तुमच्या कॉलेजात प्रवेश आहे, सवलत नाही. हिच्याएवढे गुण तिथं सगळ्यांनाच असतात. डोंगरापलीकडचं लहान कॉलेज मात्र गुणांवर पूर्ण फी माफ करतंय. आजच कळवायचंय.” “कर्ज काढतो, बाई. लोकांची पोरं पोचवण्यात जन्म गेला. एकदा आपली लेक त्या फाटकाशी उतरवायचीय.” “आणि हॉर्न वाजवून जगाला सांगायचंय!” मुलगी हसली, पण मान वर न करता. बाप लेकीकडे बघत राहिला. त्याने टोपी काढली, तिच्यावरचं बोधचिन्ह अंगठ्याने पुसलं आणि टोपी मांडीवर ठेवली. “डोंगरापलीकडे,” त्याने लेकीला विचारलं, “कुठली बस जाते गं?”