फिल्टरचं झाकण
धाकट्या बहिणीला या लॅबमध्ये मीच चिकटवलं, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. पोरगी आल्याआल्या साहेबांची लाडकी झाली. आज दोघींनी बनवलेले, ठरावीक लहरीच पुढे सोडणारे मायक्रोवेव्ह फिल्टर तपासायचे होते. आठवडाभर ब्लेडनं उघड्या फिल्टरमधल्या तांब्याच्या पट्ट्या खरवडून मी माझा आलेख पडद्यावर हव्या जागी आणला होता. तिचा डावीकडे घसरलेला. साहेबांनी तोंड वाकडं केलं. मला आतून गुदगुल्या झाल्या. "होतं गं पहिल्या वेळी," मी हळहळले. "ताई, अजून झाकण कुठं लावलंय?" तिनं फिल्टरवर धातूचं झाकण ठेवून स्क्रू आवळले. आलेख उजवीकडे सरकत नेमका जागेवर आला. "झाकणानं आलेख सरकणार, हे आधीच धरलंस?" साहेब चाटच पडले. "ताईनंच शिकवलं, पहिल्या दिवशी." साहेब कौतुकानं माझ्याकडे वळले. "मग लावा बघू तुमचंही." माझ्या फिल्टरचं झाकण गेले कित्येक महिने चहाच्या कपाखाली होतं.