छकुलीएवढे तांदूळ

हिमालयातला ट्रेक तोंडावर आला होता. सरावाला जवळच उभा चढ हवा, म्हणून हर्षालीने रामशेज किल्ला धरला होता. सॅकमध्ये आपल्या वर्षभराच्या छकुलीच्या वजनाइतके तांदूळ भरून ती चढायची, पायथ्याशी सासूबाई नातीला सांभाळायच्या. आज निम्म्या चढावर खालून रडणं ऐकू आलं. भूक लागली असणार! हर्षाली माघारी वळली, तर पदर खोचून, छकुलीला पाठीशी बांधून सासूबाईच वर येत होत्या.

"आई, मी येतच होते की खाली!"

"म्हणून तर आले. निम्म्यातून उतरली तर सराव कसला गं? पाज हिला, अन् चल वरपर्यंत."

पाजून झाल्यावर सासूबाईंनी नातीला पुन्हा पाठीशी बांधलं आणि त्या पुढे निघाल्या. मागून चढताना हर्षाली बघतच राहिली. तिचे तांदूळ निदान लाथा तरी झाडत नव्हते.